टेंभेवाल्याचं सोंग

पाटलांच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नायत. मी घेते. सावळ्या. इतकी वर्षं घेतेय, अजून काय झालेलं नाय त्याला. तर ह्या सावळ्यानं गेल्या चैतात गावात जो घोळ घातला तो सांगते. मधीच विचारू नका, मला तुटक सांगता येत नाय.

आमचं गाव डोळखांबच्या वरच्या अंगाला. गाव पाटलांचं, आणि गावाच्या कडेला, रस्ता संपून करवंदाच्या जाळ्या लागतात तिथं, आमची कातकऱ्यांची वाडी. गावात दर वर्षी बोहाडा होतो. रात्रभर मुखवटे चढवून देवीपुढं नाचायचं आणि सकाळी स्वतः देवी येऊन म्हसासुराला मारते. एकेक मुखवटा म्हंजे एकेक सोंग, आणि एकेक सोंग एकेका घराचं. बापानंतर पोरगा चढवतो, दुसऱ्यानं हात लावायचा नाय. सोंग देवळापुढं आलं की गणू, आमच्याकडचा पुकारणारा, घसा फोडून ओरडतो, "दामू पाटलाच्या घरचा वराह आला होऽऽ!" मंग ढोल वाजतो, वराह नाचतो, आणि दामू पाटलाची मिशी मुखवट्याच्या आतल्या आत ताठ होते.

मान आमच्या घरालाबी हाय. टेंभ्याचा. काठीला चिंध्या गुंडाळायच्या, तेलात बुडवायच्या, पेटवायच्या आणि सोंगाच्या पुढं उलटं चालायचं. पाठ देवळाकडं, तोंड सोंगाकडं, म्हंजे उजेड मुखवट्यावर पडतो. आता देवळापुढं मोठे एलईडी लागलेत, सांडलेली मोहरी वेचून घ्या एवढा उजेड. तरी सोंगापुढं टेंभा लागतोच, आणि तो सावळ्याच्याच घरचा लागतो. देवीला एलईडी चालत नाय. आमी वीटभट्टीवर असलो तरी बोहाड्याला परत येतो. सावळ्याचा आजा उलटा चालला, बापूस उलटा चालला, आता हा चालतो. गणू मात्र टेंभेवाल्याचं नाव कधी पुकारत नाय. सगळ्या सोंगांची तोंडं ह्यानं उजेडात आणायची आणि ह्याचं तोंड कुणी बघितलेलं नाय, नुसती पाठ.

सावळ्याला एकच खूळ. एकदा तरी सोंग घेऊन यायचं आणि गणूनं त्याचं नाव पुकारायचं. "मरायच्या आधी एकदा, गो," असं तो लग्न झाल्यापासनं बोलतोय. मी बोलायचे, "आधी मर तरी, मंग बघू." पण गेल्या वर्षी हे बोलता बोलता त्याला खोकला लागला आणि थांबेच ना. टेंभ्याचा धूर छातीत बसलाय. शहापूरचा डॉक्टर बोलला, धूर बंद, नायतर मी जबाबदार नाय. म्हंजे हा बोहाडा सावळ्याचा शेवटचा. पुढल्या वर्षीपासनं टेंभा सूरज धरणार, आमचा पोरगा, वाशिंदला कंपनीत जातो तो. त्या दिवसापासनं मी मरायची मस्करी बंद केली. दुसऱ्या मस्कऱ्या चालू होत्या.

त्याच सुमाराला ते चित्र घरात आलं.

आमच्या रस्त्याला मुंबईवाल्या आरती मॅडमचा बंगला हाय. मी तिथं झाडलोट करते. मॅडम बंगला विकायला निघाल्या होत्या, सामान वाटत सुटल्या होत्या. कुणाला कुंड्या, कुणाला पडदे. माझ्या हातात त्यांनी काचेत बसवलेलं एक चित्र दिलं आणि बोलल्या, "गोदूताई, हे तुम्ही न्या. माझ्या मिस्टरांनी आणलं होतं, मला त्याच्याखाली झोप लागत नाही."

मी बघितलं. डोंगर फाटलाय आणि फटीतनं भुतं बाहेर पडतायत, शंभर तरी असतील. एकाला हत्तीची सोंड, तो ती पिपाणीसारखी वाजवतोय. एकाला कोंबड्याचे पाय, तो मडक्यावर बसून उडतोय. एकाला तोंडंच तोंडं. आणि वरती आभाळभर पंख पसरून एक धूड, तोंड डुकराचं, पोट फाटलेलं, पोटातनं मासे खाली पडतायत. सगळं नुसतं काळ्या रेघांचं. केसासारख्या बारीक रेघा, एकावर एक, मुंग्यांची रांग लागल्यागत.

मॅडम बोलल्या, "परदेशातलं आहे, बरोक काळातलं. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं रेघा ओढायच्या, त्या तेजाबानं खोल करायच्या, शाई भरून कागदावर छापायचं. मूळ चित्र साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. ही त्याची नक्कल."

मी बोलले, "साडेतीनशे वर्षं झाली आणि रंग द्यायला कुणाला फुरसत मिळाली नाय?"

मॅडम हसल्या. मंग कोपऱ्यात बोट ठेवून बोलल्या, "आणि हा बघा, हा साधू. एवढी भुतं त्याला त्रास देतायत, पण हा लक्षच देत नाही." खाली एका खडकाच्या आडोशाला तांदळाएवढ्या तोंडाचा म्हातारा बसला होता. अंगावर घोंगडी, दाढी वाढलेली, आणि हातात एक बारका दिवा. मला त्याचं काय नव्हतं. काच चांगली जाड होती, कोंबड्यांच्या खुराड्याला दार होईल म्हणून मी चित्र घेतलं.

घरी आणून भिंतीला टेकवलं. सावळ्या लाकडं घेऊन आला, मोळी खांद्यावर तशीच, आणि उभा राहिला तो राहिलाच.

"मोळी टाक की," मी बोलले.

"गो," तो बोलला, "हा तर बोहाडा."

"परदेशातलं हाय ते."

"मंग परदेशात बोहाडा नसेल का? हा बघ सोंडवाला. हा दहा तोंडांचा, रावण. हा मडक्यावरचा कोण ते नाय समजत, त्यांच्यातला असेल कुणी. पण सोंगंच हायेत ही." आणि मंग त्यानं मोळी टाकली, माझ्या पायावर. "आणि हा पंखवाला बघ. हा आपल्या गावात कुणाच्याच घरचा नाय!"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं ह्याचं डोकं कुठं चाललंय. गावात सगळी सोंगं वाटून गेलेली. पण जे सोंग गावात नायच, ते कुणाच्या घरचं कसं असेल? त्याच्यावर कुणाचा मान? खुराड्याचं दार माझं गेलं ते गेलंच.

बोहाड्याच्या आधी देवळात बैठक बसते. सावळ्या चित्र गोणपाटात गुंडाळून घेऊन गेला. मीबी गेले मागनं, पायरीवर बसले, कारण हा तिथं काय बोलेल ह्याचा भरवसा नाय. त्यानं चित्र दामू पाटलापुढं ठेवलं, हात जोडले आणि पंखवाल्यावर बोट ठेवून बोलला, "पाटील, हे सोंग कुणाकडं नाय. ह्या वर्षी मी घेतो. एकदाच."

दामू पाटील बोहाड्याचा मुख्य. माणूस वाईट नाय, पण त्याच्या देखत पंगतीत कुणी त्याच्या आधी मीठ मागितलं तरी त्याला राग येतो. त्यानं चष्मा चढवला, चित्र बघितलं आणि बोलला, "कुणाकडं नाय कसं? तोंड डुकराचं हाय ना? मंग हा वराह. आमच्या घरचा."

"वराहाला पंख कुठं असतात, पाटील?"

"तिकडच्या वराहाला असतात."

हे ऐकल्यावर गरुडाचं सोंग ज्याच्या घरचं तो धोंडी उठला. "तोंड तुमचं असेल, पंख आमचे हायेत." मासे पडताना बघून मत्स्यावतारवाले उठले. मंग काय विचारता! सगळी बैठक त्या काचेवर वाकली. सोंडवाला गणपतीवाल्यांनी घेतला, हाडकांचा सापळा वेताळवाल्यांनी. मडक्यावरच्या कोंबडपायासाठी तर दोन सख्खे भाऊ भांडले, आणि तो कोण ते दोघांनाबी ठाऊक नव्हतं. ज्या भुतांच्या खाली मॅडमला झोप लागत नव्हती ती सगळी भुतं आमच्या गावानं चहा यायच्या आत आपापसात वाटून घेतली.

सावळ्या नुसता उभा. बोट अजून पंखवाल्याच्या जागी, पण काचेपासनं लांब, हवेत.

त्याचं तोंड बघून दामूलाच हसू आलं. तो बोलला, "अरे, हा एक उरलाय बघ. खडकाखालचा म्हातारा. ह्याच्यावर कुणाचा हक्क नाय. देवीच्या देखत देतो तुला, जा, घे!" आणि सगळं देऊळ हसलं. मीबी हसले असते, पण माझा नवरा होता तो.

सावळ्या खाली वाकला. नाक काचेला लागलं त्याचं. बराच वेळ बघत राहिला. मंग सरळ झाला आणि बोलला, "पाटील, ह्याच्या हातात उजेड हाय. हा टेंभेवाला हाय. दिला ना तुमी? देवीच्या देखत दिला?"

हसणं बंद झालं. देवीच्या देखत बोललेलं परत घेता येत नाय, ते दामूलाबी ठाऊक होतं. गणू हळूच बोलला, "तुमीच बोललात, पाटील." दामूनं चष्मा काढून पुसला. "घे बाबा," तो बोलला.

घरी येताना मी सावळ्याला सांगितलं, "तो साधू हाय. मॅडम बोलल्या. भुतं त्याला छळतायत."

"मॅडमनं बोहाडा बघितलाय का कधी?"

"नाय."

"मंग?"

आणि खरं सांगायचं तर मंग मी पण ते चित्र पुन्हा बघितलं. साधू असो नायतर कोण, एवढा धिंगाणा चालला असताना त्याचं लक्ष हातातल्या उजेडावर होतं. वारा लागू नये म्हणून दुसरा हात आडवा धरलेला. सावळ्या टेंभा पेटवताना तसाच हात धरतो.

मुखवट्यासाठी तो मुरबाडला गेला, कमळूकडं. कमळू कागदाच्या लगद्याचे मुखवटे करतो, आमच्याकडच्या सगळ्या गावांची तोंडं त्याच्या हातची. एसटीत शेजारच्या बाईनं गोणपाटात काय हाय विचारलं, ह्यानं दाखवलं, तर ती उठून ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसली. कमळूनं चित्र उलटंपालटं केलं आणि बोलला, "ह्या म्हाताऱ्याचं तोंड तांदळाच्या दाण्याएवढं. नाक कुठलं, डोळा कुठला? कशावरनं करू?" सावळ्यानं काच सदऱ्यानं पुसून पुन्हा पुढं केली. शेवटी कमळू बोलला, "टेंभेवालाच करायचा ना? मंग तूच बस समोर." बदल्यात आमचा तांबडा कोंबडा गेला.

मुखवटा तयार झाल्यावर संध्याकाळी सावळ्या तोच चढवून दारात येऊन उभा राहिला. मी चुलीपाशी होते. वर बघून बोलले, "तोंड धू जा, किती काळवंडलंय ते."

तो काय हालेना.

"बहिरा झालास का रे?"

मंग त्यानं ते तोंड काढलं आणि आत पुन्हा तेच तोंड. मी कपाळावर हात मारला. लोकं देवाचं तोंड आणतात, राक्षसाचं आणतात. ह्यानं माझा कोंबडा देऊन स्वतःचंच तोंड आणलं. "घरात एक कमी पडत होतं का?" मी बोलले. पण मुखवटा हातात घेऊन बघितला तर कमळूनं डोळ्यांच्या कडेला धुरानं पडलेल्या बारीक सुरकुत्यासुद्धा केल्या होत्या. त्या रेघा मी रोज बघते. दुसऱ्या कुणी बघितल्या असतील असं मला वाटलं नव्हतं.

बोहाड्याची रात्र गेली. सावळ्यानं रात्रभर सगळ्या सोंगांपुढं टेंभा धरला, उलटा चालला, खोकला आला की मान वळवून खोकला. चित्रातनं वाटून घेतलेलं मात्र एकबी सोंग आलं नाय. दामूचा वराह बिनपंखांचाच आला, नेहमीचा. भांडायला सगळे, मुखवटा करायला कुणाला सवड? सावळ्याचं सोंग गणूनं अगदी शेवटी ठेवलं होतं, उजाडल्यावर, देवीच्या जरा आधी. त्याच्यापुढं टेंभा धरायला सूरज रात्रपाळी उरकून वाशिंदवरनं पहाटे येणार होता.

उजाडलं. कोंबडे आरवून गप झाले. सावळ्या घोंगडी पांघरून, मुखवटा काखेत धरून, हातात बारका दिवा घेऊन वडाखाली उभा. आणि माझा फोन वाजला. "आई," सूरज बोलला, "बदलीवाला आलाच नाय. मला डबल लावलीय. बाबांना काय सांगू गो मी?" त्याचा आवाज रडवेला झाला होता.

मी सावळ्याला सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली.

दामू पाटील आला. त्याला समजल्यावर तो बोलला, आणि ह्या वेळी हसत नव्हता, "सावळ्या, मी शब्द मोडत नाय. पण टेंभ्याशिवाय सोंग देवीपुढं जात नाय, तुला ठाऊक हाय. आणि टेंभा तुझ्याच घरचा लागतो. दुसऱ्यानं धरला तर कोप होईल. तू सोंग झालास, पोरगा आला नाय. आता तुझ्यापुढं धरणार कोण?"

टेंभा वडाला टेकवलेला होता, पेटता. समोर सूर्य वर आलेला, लख्ख उजेड, टेंभ्याची ज्योत दिसतसुद्धा नव्हती. त्या न दिसणाऱ्या ज्योतीपायी माझा नवरा तिथं अडकून पडला होता. त्यानं घोंगडी खांद्यावरनं काढायला घेतली. "राहू दे, पाटील," तो बोलला, "मी टेंभाच धरतो. देवी यायचीय अजून."

मला असा संताप आला म्हणून सांगू! सावळ्याचा, दामूचा, त्या वाशिंदच्या बदलीवाल्याचा. मी टेंभा उचलला.

"गोदू!" दामू ओरडला. "ठेव तो. घरच्यानं धरायचा असतो."

"आणि मी कोण? ह्याच्या घरात भाड्यानं राहते?"

"अगो, बाईमाणसानं टेंभा..."

दामूच्या मागं त्याचा पुतण्या अमित उभा होता. देवीचं सोंग त्याचं. नऊवारी नेसलेला, हातात बांगड्या, देवीचा मुखवटा यायच्या आधी पदर सांभाळत बिडी ओढून घेत होता. मी टेंभा त्याच्याकडं केला. "बाप्या देवी झालेला चालतो, पाटील? आणि बाईनं देवीपुढं उजेड धरला की कोप होतो? तिलाच विचारा, मंग मला सांगा."

अमितनं बिडी टाकली. बोलला, "काका, मला काय प्रॉब्लेम नाय."

गणूला हसू आवरेना. त्याला बघून ढोलवाले हसले. दामू माझ्याकडं बघत राहिला, मंग सावळ्याकडं, मंग देवळाकडं. शेवटी बोलला, "घरचीच हाय. वाजवा रे."

ढोल वाजला. सावळ्यानं स्वतःचं तोंड चढवलं. मी देवळाकडं पाठ केली आणि उलटी चालायला लागले. बघताना वाटतं काय मोठं हाय त्यात, पण पायाखाली काय येतंय दिसत नाय, ज्योत तोंडावर येते, धूर नाकात जातो. दोनदा ठेच लागली. ह्याचा बापूस, ह्याचा आजा, आणि हा, असेच चालत आले. मला वाटलं होतं सावळ्या नाचेल. पण तो नाचला नाय. एका हातात दिवा, दुसरा हात त्याच्यावर आडवा, हळूहळू पाऊल टाकत आला, आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत मागं मागं गेले. गाव टाचा उंचावून बघत होतं. त्यातल्या निम्म्या लोकांनी ते तोंड पहिल्यांदा समोरनं बघितलं असेल.

देवळापुढं आलो. गणूनं छाती भरून घेतली आणि ओरडला, "सावळ्याच्या घरचा टेंभेवाला आला होऽऽ!"

मला रडू आलं. धुरानं आलं असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं, पण धुरानं नव्हतं.

ढोल सुरू व्हायचा, तेवढ्यात सावळ्यानं हात वर केला. मुखवट्याच्या आतनं घोगरा आवाज आला, "गणू, थांब. अर्धंच पुकारलंस."

"अर्धं कसं?"

"टेंभा कुणाचा ते राहिलं."

गणू दामूकडं बघायला लागला. आजवर कधी कुणी ते विचारलंच नव्हतं. आणि दामू पाटील, तोच दामू, बोलला, "विचारतोय काय? पुकार की."

गणूनं पुन्हा छाती भरली. "टेंभा गोदूचा होऽऽ!"

वाडीतल्या बायका ओरडल्या, ढोलवाल्यानं टिपरू हाणलं. मी उलटी उभी होते, देवी माझ्या पाठीशी, तो समोर. टेंभा एका बाजूला कलला होता. मी त्याला हळूच बोलले, "तुला आयुष्यात एकदा मिळालं, तर ते सगळं घ्यायचंस की, येड्या."

तो आतनं बोलला, "टेंभा सरळ धर, गो. तोंडावर उजेड येत नाय."